कँडिन्स्कीचे ‘कॉम्पोझिशन ७’ : आकार, रंग आणि भाव

प्रस्तावना :
अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा दोन प्रश्न विचारतो : हे कशाचे चित्र आहे आणि यात कौशल्य ते कोणते? रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) यांचे १९१३ मधील ‘कॉम्पोझिशन ७’ या दोन्ही प्रश्नांच्या विचारासाठी महत्त्वाचे ठरते. २ मीटर उंच व ३ मीटर रुंद असे हे तैलचित्र मॉस्को येथील त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे.

आकार :
चित्राच्या मध्याजवळील लंबवर्तुळाला एक अनियमित चौकोन छेदतो. भोवतालच्या रेषा व रंगांचे लोट या केंद्राभोवती घुसळल्यासारखे भासतात. खालच्या डाव्या कोपऱ्यात वल्ह्यांसह नावेची खूण तेवढी उरली आहे. अभ्यासकांनी या चित्रात महाप्रलय, अंतिम न्यायनिवाडा व पुनरुत्थान या ख्रिस्ती विषयांचे अवशेष शोधले आहेत. कथा पुसट झाली. तिच्यातील खळबळ मात्र गतीच्या रूपाने शिल्लक राहिली.

रंग :
१९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या ग्रंथात कँडिन्स्की यांनी रंगांचे मानसिक परिणाम मांडले. पिवळा रंग प्रेक्षकाच्या दिशेने सरकतो, निळा त्याच्यापासून दूर, खोलवर जातो; हिरव्यात विश्रांती असते. टोकदार आकारात तीव्र रंग अधिक तीव्र होतो, तर गोलाकारात गहिरा रंग अधिक गहिरा. तथापि ही समीकरणे म्हणजे चित्र उलगडण्याची किल्ली नव्हे. रंगांशी निगडित भाव संस्कृतीनुसार बदलतात. प्रस्तुत चित्रातही एकच रंग शेजारच्या रंगामुळे कधी पुढे येतो, कधी मागे सरतो. भाव निर्माण होतो तो एकट्या रंगातून नव्हे, तर रंग व आकार यांच्या परस्परसंबंधातून.

निर्मितिप्रक्रिया :
या चित्रासाठी कँडिन्स्की यांनी रेखाटने, जलरंग व तैलरंग मिळून तीसहून अधिक पूर्वाभ्यास केले. प्रत्यक्ष चित्र मात्र म्युनिक येथे २५ ते २८ नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांत पूर्ण झाले. चित्रकार गाब्रिएल म्युंटर यांनी त्याच्या विविध टप्प्यांची छायाचित्रे घेतली. उत्स्फूर्त वाटणाऱ्या आवेगामागे दीर्घ पूर्वतयारी होती, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
अमूर्तता म्हणजे भावनेचा अनिर्बंध उद्रेक नव्हे. ती भावनेची विचारपूर्वक केलेली रचना आहे. म्हणूनच अशा चित्रांच्या अध्यापनात ‘हे कशाचे चित्र?’ या प्रश्नाआधी ‘येथे काय कशाला भिडते आहे?’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल.