वीस नखे खरखरीत का होतात?



परिपाठाच्या वेळी आपण मुलांची नखे तपासतो. एकदा वर्गातल्या एका मुलीने हात पाठीमागे लपवले. बघतो तर सगळी नखे निस्तेज, पॉलिश पेपरने घासल्यासारखी खरखरीत. मुले तिच्याजवळ डबा खायला बसत नव्हती. आईने विचारले, "सर, हे शेगावकडल्यासारखं तं नाही ना?"

भीती साहजिक होती. २०२४ च्या अखेरीस आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस गळू लागले. एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखेही गळाली. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.

या मुलीचा आजार मात्र वेगळा निघाला. त्याचे नाव ट्रॅकिओनिकिया, म्हणजे खरखरीत नखे. बऱ्याचदा हातापायांची वीसही नखे बिघडतात.

असे का होते? नख तयार होते ते त्याच्या मुळाशी, कातडीखाली. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून तिथल्याच पेशींवर हल्ला करते. मुळाला सूज येते, आणि पुढे येणारे नख पातळ, रेघारेघांचे निघते. काही मुलांना सोबत चाई (केसांचे गोल चट्टे जाणे), सोरायसिस, लायकेन प्लॅनस किंवा इसब असतो. काहींना दुसरे काहीच नसते.

म्हणजे हा आजार अस्वच्छतेने होत नाही, कॅल्शियम कमी पडल्यानेही नाही. तो स्पर्शाने पसरत नाही. बुरशी सहसा सगळी नखे एकदम धरत नाही, म्हणून मनानेच बुरशीचे मलम लावू नका. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

बहुतेक मुलांची नखे काही वर्षांत आपोआप सुधारतात. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात. तेव्हा धीर धरावा लागतो.

मात्र गावात एकाच वेळी अनेकांचे केस वा नखे गळत असतील, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

मी वर्गात हे सगळे समजावून सांगितले आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिथे मला जागाच उरली नव्हती!