लॅपटॉप फारच स्लो झालाय? हार्ड डिस्क घरीच बदला, पण आधी हे वाचा

लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो? मग दोष बहुतेकदा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्यातली तबकडी मिनिटाला साधारण ५४०० वेळा फिरते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी वेगवान.

१. आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर सुरू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. डिस्कमधून टकटक आवाज येतोय? लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा.

२. मॉडेल तपासा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा २.५ इंची साटा डिस्क असते. काही नव्या मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, ते घरी बदलता येत नाही.

३. यूएसबी-साटा केबलने एसएसडी जोडून जुन्या डिस्कचं क्लोनिंग करा.

४. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कुठला कुठे होता ते लिहा. मग डिस्क बदला.

५. जुनी डिस्क लगेच विकू नका. नुसत्या डिलीट केलेल्या फाइल्स परत मिळवता येतात. तुमच्या आधार-पॅनच्या कॉपीसुद्धा!