पहिल्या वर्षाची फी आणि चार वर्षांचा खर्च

खासगी विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात पालकांना सांगितला जाणारा आकडा बहुधा पहिल्या वर्षाच्या शिकवणी शुल्काचा असतो. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, अनामत, लॅपटॉप आणि दरवर्षीची शुल्कवाढ या गोष्टी माहितीपत्रकात वेगवेगळ्या पानांवर असतात किंवा प्रवेश झाल्यावर कळतात. उदाहरणादाखल अभियांत्रिकीचे शिकवणी शुल्क वर्षाला 3 लाख आणि राहण्याजेवण्याचा खर्च दीड लाख धरू. शुल्क दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढले तर चार वर्षांत ते 12 लाख 93 हजारांवर जाते. राहण्याजेवण्याचे 6 लाख त्यात मिळवले की एकूण खर्च जवळजवळ 19 लाख होतो. आता पहिल्या वर्षाच्या शुल्कात 25 टक्के, म्हणजे 75 हजारांची शिष्यवृत्ती मिळाली असे समजू. पुढच्या वर्षी ती टिकवण्यासाठी ठरावीक सीजीपीए राखण्याची अट अनेक ठिकाणी असते. पहिल्याच वर्षानंतर ती गेली, तर एकूण खर्चाच्या हिशेबात ती सवलत जेमतेम चार टक्के भरते. आई-वडील मात्र ‘पंचवीस टक्के माफ झाले’ याच समजुतीवर सीट पक्की करण्याचे पैसे भरून मोकळे होतात.

अशी सवलत जेईई किंवा सीईटीच्या पर्सेंटाइलवर मिळते, घरचे उत्पन्न तिथे कोणी विचारत नाही. हुशार मुले आपल्याकडे यावीत असे विद्यापीठाला वाटणे रास्तच आहे. पण चांगले पर्सेंटाइल अनेकदा महागड्या क्लासच्या जोरावर येते, आणि असे क्लास लावू शकणाऱ्या घरातली बरीच मुले सवलत नसतानाही आली असती. सोलापूर किंवा नंदुरबारमधल्या अल्पभूधारकाच्या मुलीला पर्सेंटाइल थोडे कमी पडले, तर हातभाराची सर्वाधिक गरज असूनही ती या कोष्टकात बसत नाही. म्हणून गुणांवर मिळणारी सवलत आणि गरजेवर मिळणारी मदत यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. विद्यापीठांनी तो मांडला नाही, तर पालकांनी तरी मांडावा.

गरजेवर आधारलेली मोठी मदत महाराष्ट्रात सरकारकडून येते, आणि सर्वात मोठी मेख इथेच आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिकवणी शुल्कात निम्मी मदत मिळते. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना याच उत्पन्न मर्यादेत 100 टक्के लाभ जाहीर झाला. त्यासाठी प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयेही या लाभात येतात, पण खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. म्हणजे एकाच शहरात, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोन खासगी संस्थांपैकी एकीत मुलीचे शिकवणी शुल्क सरकार भरेल आणि दुसरीत तिच्या वडिलांना सगळे भरावे लागेल. दोन्हींच्या फीची तुलना करणाऱ्या पालकाला हा भेद माहीत नसेल, तर त्याची तुलनाच चुकते. आणि तो कोणी आपणहून सांगत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो. ही विद्यापीठे सरकारी पैसा घेत नाहीत, मग त्यांच्या शुल्काची उठाठेव का करायची? या आक्षेपात तथ्य आहे. 1983 च्या सुमारास वसंतदादा पाटील यांच्या काळात राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली, ती सरकारकडे पैसा कमी असल्यामुळेच. टी.एम.ए. पै खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक मान्य केली. पण नफेखोरी आणि देणगी शुल्क चालणार नाही, हेही त्याच निकालात आहे आणि 2005 च्या इनामदार निकालातही. शिक्षण ही नफेखोरीची जागा नाही असे एकदा मान्य केले, की खर्चाचा पूर्ण आकडा आधी सांगा ही मागणी स्वायत्ततेच्या आड येत नाही. न परवडणाऱ्याने सरकारी महाविद्यालयात जावे, असेही सांगितले जाते. पण तिथल्या जागा मर्यादित आहेत आणि खासगी संस्थांचे दार उघडले गेले ते त्याच कारणाने.

दुसरे उत्तर कर्जाचे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण किंवा हमीदाराशिवाय कर्ज मिळते, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलत आहे. योजना चांगली आहे, पण ती एनआयआरएफ क्रमवारीवर निवडलेल्या संस्थांपुरती आहे आणि ही व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. शिवाय कर्ज फेडायचे असते. दरवर्षी पावणेचार लाखांप्रमाणे 15 लाख उचलले, 10 टक्के सरळ व्याज धरले आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवड घेतली, तर हप्ते सुरू होताना बोजा सव्वावीस लाखांचा झालेला असतो. दहा वर्षांत तो फेडायचा तर महिन्याचा हप्ता पावणेसत्तावीस हजारांच्या आसपास येतो. पहिल्या नोकरीचा पगार किती असेल याचा अंदाज बांधताना त्याच्या शेजारी हा आकडा लिहून ठेवावा.

अमेरिकेत 2008 च्या कायद्याने संघीय विद्यार्थी मदत घेणाऱ्या महाविद्यालयांना, खासगी धरून, संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवणे बंधनकारक केले. मदत वजा जाता आपल्याला साधारण किती भरावे लागेल, हे अर्ज करण्याआधीच घरी बसून पाहता येते. महाराष्ट्रात याहून साधी गोष्ट पुरेल: चार वर्षांचा पूर्ण खर्च, शुल्कवाढीची कमाल मर्यादा, शिष्यवृत्ती टिकवण्याची अट आणि कोणत्या सरकारी योजना इथे लागू नाहीत, एवढे एका कागदावर, सही-शिक्क्यासह. राज्य सरकारने ते सक्तीचे करावे. तोवर प्रत्येक पालकाने सीट पक्की करण्याचा पहिला रुपया भरण्याआधी हा कागद मागावा, आणि तो न देणाऱ्या संस्थेत पैसे भरू नयेत.