‘अनफिट’ म्हणजे आजारी नव्हे
परदेशात शिकवायला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या वैद्यकीय तपासणीविषयी

घोडेगावच्या वस्तीत आरोग्याची बैठक संपली तशी एक माउली आमच्यापाशी थांबली. नवरा कांदा मार्केटमध्ये हमाल, मुलगी बी.ए., बी.एड. मुलीला आखातातल्या एका शाळेत नोकरी ठरली होती. बचत गटाचे कर्ज काढून एजंटाला पैसे दिले. मुंबईला तपासणी झाली आणि निकाल आला, ‘अनफिट’. छातीच्या एक्स-रेत डाग.

“सिस्टर, पोरीला परत टीबी झाला का?” माउलीने विचारले. घरात मुलीचे ताट-पेला वेगळा ठेवला होता.

मुलीला नववीत टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन ती बरी झाली. पुढे सोयरिकीत अडचण नको म्हणून घरच्यांनी उपचाराचे कार्ड चुलीत घातले, जुना एक्स-रे टाकून दिला. आम्ही तिला नगरच्या सिव्हिलला नेले. थुंकीची तपासणी केली. टीबी नव्हता. तो डाग भरलेल्या जखमेचा व्रण होता. व्रणापासून कुणाला लागण होत नाही. ताट-पेला त्याच दिवशी एकत्र झाला. नोकरी मात्र गेली, आणि एजंटाने पैसे परत केले नाहीत.

तपासणीत काय पाहतात?

सौदी, कुवेत, ओमान, बहरीन अशा देशांसाठीची तपासणी गल्फ हेल्थ कौन्सिलने मान्य केलेल्या केंद्रातच होते. नोंदणी ‘वाफिद’ या ऑनलाइन व्यवस्थेतून करावी लागते. एजंट लोक आजही तिला जुन्या नावाने ‘गामका मेडिकल’ म्हणतात. त्यात छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, साखर, लघवी, तसेच बायकांची गरोदरपणाची तपासणी असते. पाळी चुकली असेल तर एक्स-रेआधीच तिथल्या सिस्टरला सांगा. तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते, हेही लक्षात ठेवा.

आखातातले नियम कडक आहेत. टीबी बरा झालेला असला तरी एक्स-रेतल्या व्रणामुळे माणूस नापास होऊ शकतो. इंग्लंडची रीत वेगळी. तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे तर भारतीयांना मान्य केंद्रात टीबीची तपासणी करावी लागते. एक्स-रेत शंका आली तर थुंकी तपासतात, तिच्या कल्चरच्या निकालाला आठ आठवडेही लागतात. टीबी निघालाच तर उपचार पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो. तिथले प्रमाणपत्र ६ महिने चालते. शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनाही ही तपासणी चुकत नाही.

एकच डाग एका देशात चालतो, दुसऱ्या देशात चालत नाही. म्हणजे ‘अनफिट’ हा त्या देशाच्या व्हिसाचा शिक्का झाला. आजार आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

पैसे देण्याआधी हे करा

आधी तपासणी, मग एजंट. छातीचा एक्स-रे, साखर आणि काविळीची तपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयात करून घ्या. एचआयव्हीची तपासणी तिथल्या समुपदेशन केंद्रात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भारतात या कारणावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. परदेशी व्हिसाला मात्र हा कायदा लागू होत नाही. माहितीसाठी १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करा.

कावीळ बी ची लस घेतली नसेल तर घ्या. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात.

एजंटाकडे सरकारी परवाना आहे का, ते ‘ई-मायग्रेट’वर पाहा. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. पैशाची पावती घ्याच. तपासणी केंद्राबाहेर ‘पास करून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना एक रुपयाही देऊ नका. दुसऱ्याचे रक्त दिले, तर तिकडच्या तपासणीत उघडे पडून परत यावे लागेल आणि कर्ज डोक्यावर राहील.

टीबी लपवू नका

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे दिसले की थुंकी तपासा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला १,००० रुपये जमा होतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. लवकर उपचार सुरू झाले तर फुप्फुसाचे नुकसान कमी होते, आणि व्रणही लहान राहण्याची शक्यता असते.

टीबी दमट, कोंदट घरात, दाटीने राहणाऱ्यांत आणि पोट न भरणाऱ्यांत जास्त पसरतो. आपल्या वस्त्या अशा का राहिल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याची लाज मुलीने का बाळगावी?

ती मुलगी सध्या जवळच्याच एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते आणि दुसरीकडे अर्ज करते आहे. तिच्या आईने आता एक सवय लावून घेतली आहे, तीच तुम्हीही लावा. मार्कशीट आणि जातीचा दाखला ज्या फाइलीत ठेवता, त्याच फाइलीत उपचाराचे कार्ड, शेवटचा थुंकीचा रिपोर्ट आणि जुना एक्स-रे जपून ठेवा. डाग जुना आहे आणि वाढलेला नाही, हे डॉक्टरांना त्यावरूनच सांगता येते.