फ्लॉरेन्समधले कोल्हापूरचे महाराज

सिंगापूरला आल्यापासून युरोपची सहल मनात होती. यंदा मुलांच्या जूनच्या सुट्टीत ती जमली. सिंगापूरहून थेट विमानानं रोम, तिथून रेल्वेनं व्हेनिस, असा बेत ठरला. सोबत माझे वडील, आप्पा. आई गेल्यापासून ते वर्षातले काही महिने आमच्याकडे आणि काही महिने कोल्हापूरला भावाकडे असतात. तिकिटं काढायला बसलो तर आप्पा म्हणाले, "वाटेत फ्लॉरेन्स लागतं न्हवं? मग तिथं उतरायचं. राजाराम महाराजांची छत्री बघायची हाय."

रोमहून वेगवान गाडीनं दीड तासात फ्लॉरेन्स आलं. पुढच्या गाडीला सहा तास होते. सामान स्टेशनवरच ठेवलं आणि चालत निघालो. गल्लीतून बाहेर पडताच समोर कॅथेड्रल! ब्रुनेलेस्कीनं बांधलेला तो प्रचंड लाल घुमट १४३६मध्ये पूर्ण झाला. तो बघताना मान दुखायची वेळ आली. मग आर्नो नदीवरचा पोंते वेक्यो हा जुना पूल. पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. आप्पा लगेच म्हणाले, "ही तर आपली गुजरीच की!" मुलांसाठी जिलातो घेतलं आणि टॅक्सीनं काशिने उद्यान गाठलं.

हे उद्यान आर्नोच्या काठानं दूरवर पसरलंय. त्याच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथेच, झाडांच्या सावलीत, चक्क आपल्याकडची वाटावी अशी घुमटाची छत्री आहे आणि तिच्याखाली पागोटं घातलेल्या तरुण राजाचा रंगीत अर्धपुतळा. खाली चौथऱ्यावर लेख कोरलेले. आप्पांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मुलांना गंमत वाटली, मग तीही शेजारी उभी राहिली.

हे महाराज म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम, दुसरे. जन्म १८५०चा, गादीवर आले १८६६मध्ये. १८७०मध्ये ते विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. ती पुढे कॅप्टन वेस्ट यांनी १८७२मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराज फ्लॉरेन्सला थांबले. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं. पण आमच्यासारखं इथून पुढची गाडी धरणं त्यांच्या नशिबी नव्हतं. ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं इथेच निधन झालं. वय अवघं वीस वर्षांचं.

पुढचा प्रश्न मोठा होता. त्या काळी या मुलखात मृतदेह पुरण्याचीच रीत. बरोबरच्या मंडळींनी शहराच्या अधिकाऱ्यांकडून दहनाची खास परवानगी मिळवली आणि रात्रीच्या वेळी या संगमावर महाराजांचे अंत्यसंस्कार झाले. १८७४मध्ये इथे स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडाही उभारला. पुतळा शिल्पकार फुलर यांचा. इटालियन लोक या जागेला 'इंडियानो' म्हणतात. जवळच १९७८मध्ये पूर्ण झालेला मोठा पूल आहे, त्याचं नावही तेच. आपण 'राजाराम कॉलेज' म्हणतो, इथली मंडळी नुसतं 'भारतीय'! पण दीडशे वर्षं ती आठवण त्यांनी पुसू दिलेली नाही.

आप्पा कठड्याशी बसून दोन्ही नद्यांकडे बघत होते. म्हणाले, "संगम बघून जागा निवडली बघ. आपलं प्रयाग चिखली जसं." थोड्या वेळानं तितक्याच सहज म्हणाले, "माझं सिंगापुरात काही झालं, तर मला पेटीत घालून विमानानं न्यायची धावपळ करू नका. तिथंच करा काय ते."

"आप्पा, काहीतरीच काय बोलताय!" असं तोंडून निघालंच. आपल्या सगळ्यांच्या घरी हेच वाक्य निघतं. आई-वडील आपल्याकडे येऊन राहतात, आपण त्यांचा विमा काढतो, बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या भरून आणतो, पण हा विषय निघाला की चहा करायला उठतो. मग अडचण येते, तेव्हा एका रात्रीत सगळं ठरवावं लागतं, तेही भावाबहिणींशी फोनवर वाद घालत.

त्या संध्याकाळी व्हेनिसच्या गाडीत मीच विषय काढला. आप्पा मोकळेपणानं बोलले. सिंगापूरला परतल्यावर मंडाईच्या स्मशानभूमीची माहिती काढली. तिथे विद्युतदाहिनीसारखी सोय आहे आणि रक्षा समुद्रात सोडायला ठरवून दिलेली जागाही आहे. भावाला फोन लावला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "थोडी रक्षा पंचगंगेला आणशील ना?" आप्पांनी पलीकडून ओरडून सांगितलं, "चिमूटभर आणा, जास्त न्हाई!"

सगळं एका कागदावर लिहून आप्पांनी सही केली. कागद आता पासपोर्टच्या फायलीत आहे. आणि आप्पा पुढच्या सहलीचे नकाशे बघत बसलेत.