रॅडिकल फ्री, सुरकुती महाग!

संगमनेरी शेळीच्या पोटात एक फॅक्टरी आहे, जी जगातल्या एकाही माणसाकडे नाही. माहीत आहे का? शेळी स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते! आपल्यात त्यासाठी लागणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वीच बिघडलं. शेळीला घरबसल्या मिळतं, ते आपल्याला रोज ताटातून मिळवावं लागतं.

मिळवावंच लागतं, कारण त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयारच होत नाही.

आता व्हिलनची एन्ट्री. रेणूतले इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात. एखादा एकटा पडला, की तो रेणू झाला फ्री रॅडिकल! तो शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन पळवतो, मग शेजारी सिंगल, मग त्याची पळवापळवी... अँटिऑक्सिडंट मात्र आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, तरीही बिथरत नाही. साखळी खल्लास!

म्हातारपण या पळवापळवीतून येतं, ही थिअरी १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडली. ते आधी कुठे होते, माहीत आहे का? शेल ऑइल कंपनीत, केमिस्ट! म्हातारपणाचं अख्खं कोडं काही त्या थिअरीनं सुटलं नाही. पण उन्हानं होणाऱ्या सुरकुत्यांत फ्री रॅडिकलचा हात पक्का आहे.

ऊन काय करतं, त्याचा पुरावा हवा? अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २८ वर्षं ड्रायव्हिंग. चेहऱ्याची उजवी बाजू ठीकठाक, खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली. अतिनील 'ए' किरण काचेतूनही आत येतात! नगर-मनमाड रस्त्यावरच्या आपल्या चालकांनो, तुमची खिडकी उजवीकडे. तो गाल सांभाळा.

आणि ट्रेकर्स, तुम्हीही! दर १००० मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. अकोले तालुक्यातलं कळसूबाई १६४६ मीटर. वर वारा गार लागतो, ऊन मात्र जास्त कडक असतं.

आता हीरो, आणि तेही लोकल! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेलं 'भगवा' डाळिंब. त्या लालबुंद दाण्यांचा रंग अँथोसायनिनचा, आणि अँथोसायनिन म्हणजे अँटिऑक्सिडंट. रंग दिसायला, काम रक्षणाला!

राहात्याचा पेरू? क जीवनसत्त्वात संत्र्याच्या साधारण चौपट. सालीसकट खा.

टोमॅटोची तर कमालच. त्यातलं लायकोपिन हे अँटिऑक्सिडंट कच्च्यापेक्षा शिजवून, तेलासोबत खाल्लं की शरीरात जास्त शोषलं जातं. म्हणजे आजीची फोडणी घातलेली टोमॅटोची भाजी एकदम सायंटिफिक!

ट्विस्ट! फ्री रॅडिकल सरसकट वाईट नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला तेच शस्त्र वापरतात.

म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा मारा नको. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला, तर फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला! बीटा-कॅरोटीन असलेलं गाजर खाऊन असं झाल्याचं मात्र दिसलेलं नाही.

सिगारेटच्या एका झुरक्यात अब्जावधी फ्री रॅडिकल असतात. ती आजच सोडा. आणि कळसूबाईला निघालात, तर टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन आणि पिशवीत दोन पेरू, एवढं घेतल्याशिवाय घर सोडू नका!