तंबूवरची माळ आणि झाडावरचे काजवे

मैत्रिणींनो, सणावाराला घर सजवायची आपली हौस हल्ली सहलीलाही आपल्याबरोबर येते. पवना धरणाकाठी म्हणा, भंडारदऱ्याला म्हणा, तंबू दिसला की त्यावर लुकलुकणारी माळ, पताका, फुगे लागलेच! मुलं खूश, फोटोही छान. हौसेला माझी ना नाही. पण माझं एक गणित चुकलं, तेच आज सांगायचंय.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो. धाकटीचा आठवा वाढदिवस नेमका त्याच दिवशी. मी घरून दोन विजेच्या माळा आणि रंगीत पताका बांधून नेल्या. ह्यांनी एक्स्टेन्शनची वायरही घेतली. अंधार पडायच्या आत आमचा तंबू असा सजला की शेजारच्या तंबूतल्या बायका विचारायला आल्या, "माळ कुठून घेतलीत हो?" मी मनातून अगदी फुलून गेले!

जेवणं झाली, तरी समोरच्या झाडावर एक काजवा नाही. धाकटी सारखी विचारतेय, "आई, कधी येणार?" तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या गावातल्या मावशी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण ती माळ इझवा. काजवा उजेडात येत नाय. आन् तोच नाय आला, तर पुढल्या साली मानसं कशाला येतील आमच्याकडं?"

मी वरमलेच. शाळेत शिकवते मी, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. प्रकाश ही काजव्याची भाषा. नर लुकलुकून हाक घालतो, मादी तसंच उत्तर देते. आपला उजेड मध्ये आला की ही खूण पटत नाही, जोडी जमत नाही. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य उणंपुरं काही आठवड्यांचं. पावसापूर्वीच्या मोजक्या रात्री, त्याही आपण माळांनी उजळून टाकायच्या?

माळ काढली तशी धाकटी रडायला लागली. तिची समजूत घालून मी बाकीच्या तंबूंकडे गेले. एकांनी ऐकवलं, "पैसे भरलेत आम्ही!" मी म्हटलं, "तासभरच विझवा, नाही आवडलं तर लावा परत." कुरकुरत का होईना, विझवली बरं का! थोड्या वेळानं झाडाच्या एका फांदीवर ठिणगी उडाली, मग दुसरीवर. बघता बघता सगळं झाड चमकू लागलं. धाकटी डोळे पुसत म्हणाली, "आई, ही माझी माळ!" त्या रात्री परत कुणीच दिवे लावले नाहीत.

तेव्हा तंबू सजवायचाच असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

अंधारात मुलांना आपला तंबू ओळखता यावा म्हणून एखादी पताका जरूर लावा. पण कागदी नको, ती दवानं भिजते, वाऱ्यानं उडते आणि कचरा होतो. जुन्या साडीच्या पट्ट्या उत्तम, धुऊन पुन्हा वापरता येतात. तंबूच्या दोऱ्यांनाही पांढरी चिंधी बांधा, मुलं अडखळत नाहीत.

तिरंगा मात्र सजावटीसाठी नको. 2002 च्या ध्वजसंहितेप्रमाणे त्याचं तोरण किंवा पताका करता येत नाही.

ओल्या गवतावरून विजेची वायर नेऊ नका. माळ हवीच तर सेलवर चालणारी घ्या आणि झोपताना बंद करा. काजव्यांच्या दिवसांत मात्र तीही घरीच राहू दे. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधा आणि ती झाडाकडे न धरता पायाशी धरा.

माळा घरी आहेतच की, दिवाळीला लावू. काजव्यांची माळ मात्र वर्षातून एकदाच लागते, आणि तीही आपण आपले दिवे विझवले तरच. पटतंय ना?